यंत्रसेवकाची पारख

१९२१ साली मुळशीत सत्याग्रह झाला, तो शेतकऱ्याच्या संमतीवाचून त्याची जमीन धरणाखाली जाऊ नये म्हणून. आपली कामे परस्पर उरकणारा यंत्रसेवक निवडतानाही आपण संमतीचाच विचार प्रथम करावा. ‘एन-एट-एन’ची घडण सर्वांना पाहता येते, पण २०२२ पासूनच्या परवान्यानुसार ती घेऊन धंदा करण्यावर बंधने आहेत. ‘लँगग्राफ’चा एमआयटी परवाना तीही मुभा देतो. पहिल्यात कामाच्या पायऱ्या पडद्यावर जोडता येतात. दुसऱ्याला प्रोग्रॅम लिहिणारा लागतो. मात्र दोहोंपैकी कोणताही घेतला, तरी त्यामागचे भाषा-प्रारूप परक्या संगणकावर असेल, तर आपला मजकूर तिकडे जातोच. म्हणून सेवकाला आधी केवळ वाचू द्यावे. पैसे देणे, पत्र धाडणे, नोंद पुसणे हे माणसाच्या संमतीनेच व्हावे.