विजेची स्कूटर कुणाला परवडेल?

बचत गटातून कर्ज काढून विजेची स्कूटर घ्यावी का? चला, हिशेबच मांडू.

समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला सुमारे २ रुपये ३० पैसे. विजेच्या स्कूटरला साडेतीन युनिटांत ८० किलोमीटर जाता आले आणि युनिट १२ रुपयांना पडले, तर किलोमीटरला ५० पैसे. वाचले १ रुपया ८० पैसे.

आता विजेची गाडी ३० हजारांनी महाग धरू. अर्नाळ्याची मासळी किंवा निर्मळची भाजी घेऊन महिन्याचे २५ दिवस रोज ३० किलोमीटर फिरणारीचे हे पैसे दोन वर्षांच्या आत निघतात. रोज ८ किलोमीटरच जाणारीला मात्र सात वर्षे लागतात. कर्जाचे व्याज त्यावर वेगळे!

महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांनंतर चढतो, म्हणून आधी आपले बिल पाहा. बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि पावसाचे पाणी साचते तिथे चार्जिंग लावू नका.

तेव्हा मैत्रिणींनो, कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी महिनाभर आपले रोजचे किलोमीटर वहीत लिहून ठेवूया.