निर्गुडीचा पाला आणि ठणकणारा गुडघा

भातलावणी उरकली की कंबर आणि गुडघे बोलायला लागतात. मग बांधावरचा निर्गुडीचा पाला येतो, तव्यावर गरम होतो आणि एरंडाच्या पानात घालून गुडघ्याला बांधला जातो. ठणका कमी होतो, हे तुम्ही जाणताच. तो का कमी होतो, ते आज बघू.

इजा झाली की शरीर त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. नाव विसरलात तरी चालेल. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी साठतं, जागा गरम होते आणि दुखतं. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या ही द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत. त्यातली अ‍ॅस्पिरिन मुळात झाडाचीच लेक. विलो झाडाच्या सालीतल्या द्रव्याचा माग काढत ती १८९७ साली शुद्ध रूपात बनली. ती काम कशी करते हे मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

निर्गुडीच्या पानातही सूज उतरवणारे गुण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहेत. शिवाय उबेनं आखडलेले स्नायू सैल होतात, तो फायदा वेगळाच. पण पाय नुकताच मुरगळला असेल तर शेक नको, त्यानं सूज वाढते. पहिले एक-दोन दिवस गार पाण्याची पट्टी ठेवा. जखमेवर पाला बांधू नका.

हळदीतलं कर्क्युमिन पोटातून अंगात फार थोडं जातं. मिरपुडीबरोबर ते जास्त जातं, म्हणून हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रोज जास्त हळद घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खरी भीती पाल्याची नाही, पुडीची आहे. आठवडी बाजारात ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकलेल्या काही चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. दोन दिवसांत गुडघा पळायला लागला, तर शंका घ्याच! महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी कुणी बरेच दिवस घेत असेल, तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी पिशवीत घालून तशीच आरोग्य केंद्रात न्या आणि किती दिवस घेतली ते सांगा. गुडघा लाल, गरम झाला आणि अंगात ताप असेल, तर पाला बांधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.