थंडीला न डरणारं झाड

पारावर बसलं की पिंपळाची सळसळ कानावर येते. अंगाला वारा लागत नाही, तरी पान हलतच असतं. त्याचं देठ लांब नि बारीक, म्हणून हे होतं.

दूर युरोपात असंच एक झाड आहे. त्याचं नाव अस्पेन. त्याच्या पानाचं देठ दोन्ही बाजूंनी चपटं असतं. जरा झुळूक आली की सगळं झाड थरथरतं. लाकूड हलकं, मऊ. स्वीडन देशात आगपेटीच्या काड्या याच लाकडाच्या करतात.

त्याच स्वीडनमध्ये अस्पेनची एक निराळी जात सापडली. साधा अस्पेन पसरतो. ही जात खांबासारखी सरळ वर जाते. फांद्या खोडाला धरून उभ्या राहतात. उंची ३० ते ४० फूट, पण घेर १० फुटांच्या आतच. आपल्याकडे बंगल्याच्या कुंपणाला उंच, सरळ अशोक लावतात ना? (खरा अशोक तो नव्हे, पण ते असो.) तसाच काहीसा आकार. सावलीला मात्र हे झाड कामाचं नाही. त्याखाली गुरं बांधता यायची नाहीत.

मग लोक ते लावतात कशाला? कॅनडा देशात अल्बर्टा, सस्कॅचवान हे गव्हाचे मुलूख आहेत. सपाट, उघडी जमीन. हिवाळ्यात कधी कधी पारा शून्याखाली ४० अंशांवर जातो. आइस्क्रीमच्या पेटीतली थंडी त्याच्या निम्मीच! अशा थंडीतही हे झाड जगतं. थंडीआधी पानं पिवळी होऊन गळतात, झाड झोपी जातं, वसंतात पुन्हा फुटतं. म्हणून कुंपणाला, आडोशाला तिथं त्याच्या रांगाच लावल्या गेल्या.

त्याला भरपूर ऊन हवं. माती कसलीही चालते, पण ओल हवी नि पाणी साचू नये. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालावं लागतं. मुळं वरच्या थरात पसरतात, त्यांना धुमारे फुटतात. म्हणून घराच्या पायापासून नि सांडपाण्याच्या नळापासून दूर लावावं.

आता त्याची खोड सांगतो. ही सगळी झाडं बियांची नव्हेत. एकाच झाडापासून कलमानं, मुळांच्या तुकड्यांनी वाढवलेली. म्हणजे सगळ्यांचं रक्त एकच. एकाला जो रोग बाधतो, तो सगळ्यांना बाधतो. झालंही तसंच. तिथं एक बुरशी आली. पान तांबूस-तपकिरी होतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग फांदी वाळते नि पुढं झाडही जातं. पंधरा-वीस वर्षं जपलेली रांग अशी डोळ्यांदेखत वाळते. यावर खात्रीचं औषध नाही. रोगट फांदी खालून कापायची, कात्री प्रत्येक वेळी पुसून घ्यायची. पडलेली पानं बर्फ पडण्याआधी गोळा करून नष्ट करायची, कारण बुरशी त्यांतच हिवाळा काढते.

कुणी म्हणेल, एक रोप आपणही आणू. पण या झाडाला थंडीतली ती लांब झोप लागते. आपल्याकडं ती कुठून मिळणार? नि वैशाखातलं ऊन त्याला सोसायचं नाही.