युक्तिवादात्मक निबंध : मांडणीचे पाच अवयव

माध्यमिक शाळेतील युक्तिवादात्मक निबंधाचा उद्देश वर्णन करणे हा नसून, वेगळे मत बाळगणाऱ्या वाचकास पुराव्याच्या आधारे पटवून देणे हा असतो. त्याच्या मांडणीसाठी न्यायदर्शनातील पाच अवयव आजही उपयुक्त ठरतात. ‘शालेय भोजन : खर्च की गुंतवणूक ?’ हा विषय पाहू.

प्रतिज्ञा : शालेय भोजन ही गुंतवणूक आहे.

हेतू : त्याचे लाभ खर्चानंतर दीर्घकाळ मिळत राहतात.

उदाहरण : असे लाभ देणारा खर्च गुंतवणूक ठरतो, जसे, धरण.

उपनय : भोजनाचेही तसेच आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बालपणी शाळेत भोजन मिळालेल्या मातांच्या मुलांची वयानुरूप उंची अधिक आढळली.

निगमन : म्हणून ती गुंतवणूकच होय.

पुरावा निवडताना विवेक हवा. शिजविलेले अन्न देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश मुलांचा हक्क दर्शवितो. योजनेचा परिणाम नव्हे.

यानंतर पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा. भोजनाच्या व्यवस्थेत शिक्षकांचा अध्यापनाचा वेळ जातो, हा आक्षेप गंभीर आहे. तो नाकारू नये. परंतु तो अंमलबजावणीविषयी आहे, तत्त्वाविषयी नाही, हे दाखवावे. योजनेत स्वयंपाकी व मदतनीस यांची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात आणणे हा त्यावरील उपाय होय.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की, दुबळा आक्षेप खोडून काढणे सोपे असते. प्रतिपक्षाच्या सर्वांत भक्कम मुद्द्याला उत्तर देणारा निबंधच परीक्षकाचा विश्वास संपादन करतो.