आरशाला टांगलेलं हेल्मेट

गोव्यातलं मांद्रे ते हरमल. वाट अरुंद, वळणं अनेक आणि पर्यटकांच्या हंगामात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं मिरवणाऱ्या भाड्याच्या स्कूटर्स. चालवणाऱ्याला पुढचं वळण ठाऊक नसतं, आणि हेल्मेट? ते आरशाला टांगलेलं किंवा डोक्यावर असलं तरी पट्टा मोकळा. असं सैल हेल्मेट आदळण्याआधीच डोक्यावरून निसटू शकतं. पट्टा नीट आवळलेल्या हेल्मेटमुळे मात्र दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के, तर डोक्याला इजा होण्याचा सुमारे 69 टक्के कमी होतो.

देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं दगावली. त्यांत साधारण 44 टक्के दुचाकीवरची.

वेगाचं गणित आणखी कठोर आहे. सरासरी वेग 1 टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका 4 टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून वाड्यावरचा साधा गतिरोधकही, कितीही शिव्या खात असला तरी, आपलं काम करतो. अर्थात तो रंगवलेला हवा. रात्री न दिसणारा गतिरोधक स्वतःच संकट ठरतो.

अपघात झालाच, तर रुग्णवाहिकेसाठी 108. डोक्याला गंभीर मार असेल तर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, गाठावं लागतं, आणि इथून तो शिवोलीचा पूल ओलांडून बराच पल्ला. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती वाटते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134अ त्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.