ताप हटत नाही, तेव्हा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वस्त्यांत ताप आला की पहिली धाव गोळीकडे, दुसरी सुई-सलाईनकडे. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा अंग तापते. असे करता करता तीन आठवडे जातात. रोजी बुडते ती वेगळीच. 1961 साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी 'कारण न सापडलेल्या तापा'ची व्याख्या केली: 101 अंशांवर, तीन आठवड्यांहून अधिक आणि आठवडाभर दवाखान्यात तपासूनही न उमगलेला. आपल्याकडचे बहुतेक ताप मात्र न उमगलेले नसतात, न तपासलेले असतात.

पहिला संशय हिवतापाचा. आशाताईंकडे किट असते, बोटाच्या थेंबभर रक्तावर थोड्या वेळात कळते. गोळी घेण्याआधी रक्त द्यावे आणि एकदा काही निघाले नाही तरी ताप राहिल्यास पुन्हा द्यावे.

नुसत्या विडाल चाचणीवर टायफॉईडचा शिक्का मारून घेऊ नये. जुन्या टायफॉईडमुळे किंवा दुसऱ्याच तापातही ती चाचणी फसवते. खरा भरवसा रक्ताच्या कल्चरचा, तोही अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी.

आता स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात या तापाने माणसे दगावली. गवता-झुडपातल्या अतिबारीक किड्यांची पिल्ले चावतात, चावलेले कळतही नाही. काखेत, जांघेत, कमरेला, स्तनाखाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही, आणि आपल्या माता-भगिनी लाजेपोटी दाखवत नाहीत. खपली प्रत्येकाला येतेच असेही नाही. म्हणून निंदायला, सरपणाला, जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने हा आजार बरा होतो.

संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटत चाललेले, असे असेल तर क्षयाची तपासणी. खोकला नसला तरी क्षय गाठींत, पोटात, मणक्यात असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत.

आम्ही कारकून मंडळी तारीख टाकल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाही. तापाचेही तसेच करावे: तारीख, वेळ, किती अंश, कोणती गोळी दिली, हे वहीत लिहून ती वही दवाखान्यात न्यावी.

सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. अशा मुलांची प्लीहा निकामी होत जाते, जंतू झपाट्याने पसरतात, कधी हाडात बसतात. त्यांच्या बाबतीत तीन आठवडे मोजत बसायचे नाही. 101 ताप दिसला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सिकलसेलचे कार्ड आधी पुढे करावे.