ज्याने आईला फसवलं, त्याच्याशीच तिने लग्न करावं असा मुलाचा हट्ट का? ऑस्कर वाइल्डच्या नाटकातलं आई-मुलाचं नातं

ऑस्कर वाइल्ड म्हटलं की चटपटीत, टाळ्या घेणारे संवाद आठवतात. १९ एप्रिल १८९३ रोजी लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'अ वुमन ऑफ नो इम्पॉर्टन्स' या नाटकातही असे संवाद भरपूर आहेत. पण या नाटकाचा गाभा आहे एक आई आणि तिचा विशीतला मुलगा.

नेमकी गोष्ट काय?

मिसेस आर्बथनॉटचा मुलगा जेराल्ड बँकेत साधा कारकून आहे. बडे उमराव लॉर्ड इलिंगवर्थ त्याला आपला सेक्रेटरी म्हणून नोकरी देऊ करतात. जेराल्ड हरखून जातो, पण आई नको म्हणते.

कारण हा लॉर्डच जेराल्डचा बाप आहे. तरुणपणी लग्नाचं वचन देऊन त्याने ते पाळलं नाही. त्याच्या आईने वर्षाला ६०० पौंड देऊ केले होते. ते नाकारून ती बाळाला घेऊन निघून गेली. जेराल्डला यातलं काहीच माहीत नाही.

आई सरळ खरं का सांगत नाही?

ती प्रयत्न करते. स्वतःची हकिकत दुसऱ्याच कुणा मुलीची म्हणून सांगते. त्यावर जेराल्ड म्हणतो की चूक त्या मुलीचीही होती, चांगल्या घरची मुलगी असं वागलीच नसती. हे ऐकून आई विरोध मागे घेते.

पुढे लॉर्ड हेस्टर नावाच्या तरुणीचं जबरदस्तीने चुंबन घेऊ पाहतो. जेराल्डचं तिच्यावर प्रेम असतं. तो लॉर्डच्या अंगावर धावून जातो, तेव्हा त्याला थांबवण्यासाठी आईला सत्य सांगावंच लागतं.

मग लग्नाचा हट्ट कशासाठी?

जेराल्डला वाटतं, लॉर्डने आईशी लग्न केलं की तिच्यावरचा अन्याय दूर होईल. आई नकार देते. तेव्हा तो तिनेच शिकवलेल्या धर्माचा दाखला देतो. तिने लावलेलं वळण तिच्यावरच उलटतं. मुलगा दुष्ट नाही, त्याचं आईवर प्रेम आहे. फक्त तिला काय हवंय, हे तो विचारत नाही.

या लग्नाने जेराल्डचंही काही भलं झालं नसतं. आईवडिलांनी नंतर लग्न केलं तरी तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याने तो औरस ठरत नव्हता. तशी तरतूद १९२६ च्या कायद्याने आली. म्हणजे १८९३ मध्ये असं लग्न मुख्यतः लोकांच्या समाधानासाठी असतं, आणि किंमत मोजावी लागली असती फक्त आईला.

मुलगा बदलतो का?

हो, पण त्याला आधार मिळतो हेस्टरचा. आधी तीही 'पाप' करणाऱ्या स्त्रियांबद्दल कठोर बोललेली असते. आई-मुलाचं बोलणं कानावर पडल्यावर मात्र ती आईच्या बाजूने उभी राहते. अशा लग्नातच खरी बेअब्रू आहे, असं तिचं म्हणणं. मग जेराल्ड हट्ट सोडतो.

यानंतर लॉर्ड स्वतः लग्नाचा प्रस्ताव घेऊन येतो, मुलाच्या नावावर मालमत्ता करण्याची तयारी दाखवतो. नकार मिळताच तो तिचा आणि मुलाचा अपमान करू लागतो, तेव्हा ती त्याच्याच हातमोज्याने त्याच्या तोंडावर मारते.

पहिल्या अंकाच्या शेवटी लॉर्डने तिला 'कुणी खास नाही' अशा शब्दांत झटकून टाकलेलं असतं. जमिनीवर पडलेला हातमोजा पाहून जेराल्ड विचारतो, कोण आलं होतं? आई तेच शब्द लॉर्डबद्दल वापरते, आणि पडदा पडतो. जगाच्या लेखी तो अजूनही लॉर्डच आहे. पण या घरात कोणाला महत्त्व द्यायचं, हे आता ती ठरवते. आणि या वेळी मुलगा तिच्या बाजूला आहे.